एलिव्हेशन फायनल झाल्यावर मला फोन करू नका

परवा रात्री साडेनऊला फोन. ओळखीतला आर्किटेक्ट, माणूस चांगला, कामही चांगलं करतो. म्हणाला, अरे एक ऑफिस बिल्डिंग आहे, सगळं फायनल झालंय, क्लायंटला एनर्जी एफिशियंट पाहिजे पण बजेट वाढवायचं नाहीये, जरा बघ ना काय करता येतंय. मी विचारलं फायनल म्हणजे नक्की काय काय? तर एलिव्हेशन (बिल्डिंगचा बाहेरून दिसणारा चेहरा) फायनल, कॉलम ग्रिड (खांबांची मांडणी) फायनल, मजल्याची उंची फायनल, आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, तीही फायनल. मग माझ्यासाठी उरलं काय, एलईडी दिवे आणि एक महागडा चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं मोठं मशीन)! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. घोडं कितीही उमदं असलं तरी वरात पुढे निघून गेलेली असते.

इतकी वर्षं या धंद्यात (एसी आणि व्हेंटिलेशन डिझाइन) काढल्यावर माझं एक ठाम मत झालंय. ऊर्जा वाचवणं महाग नाहीये, उशिरा वाचवणं महाग आहे. कागदावर बिल्डिंग थोडी फिरवली तर खर्च शून्य, तेच स्लॅब पडल्यावर फिरवून दाखवा. पॅट्रिक मॅकलीमी म्हणून एक आर्किटेक्ट, एचओके या मोठ्या फर्मचे प्रमुख होते, त्यांच्या नावाचा एक आलेख प्रसिद्ध आहे, प्रोजेक्ट पुढे सरकेल तसा बदल करायला वाव कमी होत जातो आणि बदलाचा खर्च चढत जातो, दोन रेषा एकमेकींना कापून जातात. तो आलेख प्रत्येक सेमिनारमध्ये दाखवतात, सगळे माना डोलावतात, आणि सोमवारी ऑफिसात जाऊन परत कन्सल्टंटला शेवटी बोलावतात.

आता त्या काचेचंच बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. समजा पश्चिमेकडच्या एका कॉन्फरन्स रूमला २० चौरस मीटर साधी काच आहे. संध्याकाळचं ऊन समोरून येतं तेव्हा प्रत्येक चौरस मीटरवर ६०० वॉट धरा, साधी काच त्यातली साधारण ८० टक्के उष्णता आत सोडते, म्हणजे ९.६ किलोवॉट. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॉट, तर झाले पावणेतीन टन, फक्त त्या एका काचेपायी, माणसं दिवे लॅपटॉप अजून मोजलेच नाहीत. (भिंती-जमीन थोडी उष्णता धरून ठेवतात त्यामुळे सगळ्यात जास्त उष्णतेची वेळ जरा पुढेमागे होते, ते आत्ता सोडा.) तीच काच ३० टक्केच उष्णता सोडणारी घेतली तर एक टन. आणि काचच निम्मी केली तर अर्धा टन. यातला शेवटचा पर्याय तर स्वस्त पडतो, कारण साधी भिंत ही चांगल्या काचेच्या पडद्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच असते!

लोक म्हणतात उजेड कमी होईल. अहो टेबलाच्या उंचीखालची काच उजेडाला काय कामाची? ७५ सेंटीमीटरच्या खालून आलेला उजेड टेबलाखालच्या पायांवर पडतो आणि तिथली डस्टबिन छान दिसते, बास. उष्णता मात्र पूर्ण आत येते. उजेड आत किती खोल जाणार हे काचेच्या वरच्या कडेच्या उंचीवर ठरतं, ढोबळमानाने त्या उंचीच्या दीडदोन पट. म्हणजे काच वर न्या, रुंदी आवरा, खाली भिंत ठेवा. थंड हवेच्या ठिकाणी गणित उलटं वाटतं, ऊन हवंहवंसं असतं, पण तिथेही काचेतून रात्रभर उष्णता बाहेर पळते. एकेरी काचेचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला) साधारण ५.७, चांगल्या लो-ई कोटिंगच्या (उष्णता परतवणारा पातळ थर दिलेल्या) दुहेरी काचेचा दीडच्या आत येऊ शकतो, आणि इन्सुलेशन केलेली भिंत त्याहून कितीतरी खाली. काच ही शेवटी भिंतीतलं भोकच आहे, कितीही महाग असली तरी.

आणि सावली बाहेर हवी. आतल्या पडद्याने डोळ्याला बरं वाटतं पण तोवर ऊन आत आलेलं असतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेचं ऊन उन्हाळ्यात डोक्यावर असतं, तिथे साधा आडवा छज्जा काम करतो. पश्चिमेचं ऊन सरळ डोळ्यात येतं, तिथे छज्जा काही कामाचा नाही, उभे फिन (काचेबाहेरच्या उभ्या पट्ट्या) लावा नाहीतर काचच कमी करा. चारी बाजूंना एकसारखं एलिव्हेशन दिसलं की मी समजून जातो, डिझाइन करताना सूर्य कुठून उगवतो हे कुणी विचारलेलं नाही 😄

आता मुख्य मुद्दा, जो मला वाटतं नव्वद टक्के क्लायंटपर्यंत कुणी पोचवतच नाही. खर्च प्रत्येक वस्तूचा सुटा बघायचा नसतो. बीओक्यूच्या (कामाच्या वस्तू आणि दरांच्या यादीच्या) एका ओळीत चांगली काच महाग दिसते, दुसऱ्या ओळीत टेरेसचं इन्सुलेशन जास्तीचा खर्च दिसतो, मग व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या, म्हणजे खर्चकपातीच्या मीटिंगमध्ये लाल पेन फिरतं आणि दोन्ही उडतात. पण त्या दोन्हीमुळे चिलर लहान झाला असता, त्यामागून पंप, पाइप, डक्ट (हवा नेणारे मोठे नळ), ट्रान्सफॉर्मर, डीजी सेट (डिझेल जनरेटर), केबल, सगळं एकेक साइज खाली आलं असतं, डक्ट लहान म्हणून फॉल्स सीलिंगची जागा वाचली असती. ती बचत दुसऱ्या कन्सल्टंटच्या दुसऱ्या शीटमध्ये असते, त्यामुळे कुणाला दिसतच नाही. आणि गंमत म्हणजे चांगली काच यादीतून उडवल्यावर चिलर परत मोठा करावा लागतो, तो वाढीव खर्च काचेच्या नावावर कधीच लागत नाही.

हा नुसता तर्क नाही. जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस (अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर) राहायला तयार झालं, वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बो अ‍ॅडमसन यांची ती कल्पना. त्यांच्या निकषात एक आकडा आहे, घर गरम ठेवायला चौरस मीटरला जास्तीत जास्त १० वॉट. मला आधी वाटायचं कुणीतरी कडक दिसावा म्हणून गोल आकडा टाकलाय. तर नाही, तेवढ्याच उष्णतेची गरज उरली की ती व्हेंटिलेशनच्या ताज्या हवेतूनच देता येते, म्हणजे रेडिएटर आणि त्यांचं पाइपिंग वगैरे वेगळी सिस्टीमच वगळता येते! जाड इन्सुलेशनचा पैसा थोडाफार तिथून परत. अर्धवट इन्सुलेशन केलं तर इन्सुलेशनचाही खर्च आणि रेडिएटरचाही. म्हणजे कधीकधी जास्त करणं हे थोडं करण्यापेक्षा स्वस्त असतं, आणि ते "एकेक वस्तूचा पेबॅक (पैसे किती वर्षांत परत येतात ते) काढा" वाल्यांना कधीच सापडत नाही.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्येही हेच झालं, ती जुनी बिल्डिंग पण धडा तोच. तिथे ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढून, आत पातळ फिल्म घालून, बिल्डिंगमध्येच एक मजला कारखाना करून परत बसवल्या. त्याने आणि बाकीच्या उपायांनी कूलिंगचा लोड (एसीला काढावी लागणारी उष्णता) इतका उतरला की नवीन मोठे चिलर घ्यायची गरज उरली नाही, जुनेच नीट करून वापरले. खिडक्यांचा पेबॅक सुटा काढत बसले असते तर तो विषय पहिल्याच मीटिंगला बंद झाला असता.

पेबॅकवरून आठवलं. सगळ्यांना दोन वर्षांत पैसे परत हवेत, म्हणून मग एलईडी, सेन्सर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) एवढंच घेतात कारण त्यांचा पेबॅक पटकन येतो. अरे पण दिवे दहा वर्षांनी बदलणारच आहात, चिलर वीसेक वर्षांनी बदलेल, तेव्हा आजच्यापेक्षा चांगलं काहीतरी मिळेल. भिंत, टेरेस, खिडकीचा आकार, मजल्याची उंची, बिल्डिंगची दिशा हे पन्नास वर्षं तसंच राहणार. बजेट कमी असेल तर माझा सल्ला साधा आहे, नंतर बदलता येणार नाही त्यावर आधी पैसे टाका, सोलर पॅनल नंतर लावा, आत्ता फक्त त्याच्यासाठी टेरेसवर मोकळी जागा आणि कंड्यूट (वायरची नळी) ठेवा. लोक नेमकं उलटं करतात कारण पॅनल फोटोत दिसतं, इन्सुलेशन दिसत नाही.

आता जरा आमच्या जमातीबद्दल, म्हणजे इंजिनिअर लोकांबद्दल, कारण आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. लोड काढताना ज्युनिअर १० टक्के सेफ्टी टाकतो, सीनिअर बघतो आणि वर १५ टाकतो, मग मशीन निवडताना कुणीतरी २० टाकतं. १.१ गुणिले १.१५ गुणिले १.२, झालं ५२ टक्के जास्त! तिघांनाही वाटतं आपण थोडंच टाकलंय. मोठं मशीन मग आयुष्यभर निम्म्या लोडवर रखडत चालतं किंवा सारखं चालू-बंद होतं, खोली गार होते पण दमट राहते, आणि लोक सेटिंग अजून खाली करतात. मीही केलंय हे, सुरुवातीच्या काळात एका बिल्डिंगला, तिथला एक चिलर स्टँडबाय नसूनही आजतागायत स्टँडबाय म्हणूनच उभा आहे. क्लायंटने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, आज इथे सांगतोय.

पाइप आणि डक्टचंही तसंच. पाइपचा व्यास २० टक्के वाढवला तर तेवढ्याच पाण्याला होणारं घर्षण साधारण ६० टक्के कमी होतं, कारण व्यासाचा पाचवा घात लागतो तिथे. फॅनचा वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळजवळ निम्मी, तिथे तिसरा घात. निसर्ग इतकं फुकट देतोय, पण त्यासाठी डक्टला सरळ आणि ऐसपैस जागा पाहिजे, आणि ती जागा शाफ्ट (पाइप-डक्ट मजल्यामजल्यातून नेणारी उभी पोकळी) ठरवताना मागावी लागते. बीम पडल्यावर डक्ट चार ठिकाणी वाकवून घालायचा आणि मग फॅन मोठा घ्यायचा ही आमची रोजची हमाली. इंटरफेस नावाच्या कार्पेट कंपनीच्या शांघायमधल्या कारखान्याचा किस्सा आमच्या क्षेत्रात फार सांगितला जातो, तिथे १९९७ च्या सुमाराला आधी पाइप सरळ रेषेत आखले, जाड घेतले, आणि मशीन त्यानंतर मांडली, तर पंपाची ताकद ९५ हॉर्सपॉवरच्या डिझाइनवरून ७ वर आली. नवीन टेक्नॉलॉजी काही नाही, फक्त आधी काय काढायचं आणि नंतर काय तो क्रम बदलला.

सिम्युलेशनबद्दल (बिल्डिंग किती ऊर्जा खाईल हे कॉम्प्युटरवर आधी काढून बघणं) पण लोकांचा गैरसमज आहे, वाटतं की ते सर्टिफिकेटसाठी शेवटी करायचं असतं. एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिल्या आठवड्यात नुसता एक खोका काढा, दारं-जिने काही नको, आणि दिशा, काचेचं प्रमाण, सावली, टेरेस असं एकेक बदलून बघा. दोन दिवसांचं काम आहे. आकडा अचूक येणार नाही, पण कुठलं बटण दाबल्याने आकडा हलतो आणि कुठलं दाबल्याने ढिम्म हलत नाही हे कळतं, आणि पैसा कुठे घालायचा तेवढंच तर हवंय. शेवटी केलेलं भलंमोठं मॉडेल म्हणजे पेपर देऊन झाल्यावर केलेला अभ्यास.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बांधणारा वेगळा, वीजबिल भरणारा वेगळा. विकून मोकळा होणारा माणूस तीस वर्षांचं बिल कशाला मोजेल? स्वतः वापरायला बांधणाऱ्यांशी माझं बोलणं दहा मिनिटांत जमतं, विकणाऱ्यांशी तासभर बोलूनही गाडी "मिनिमम काय लागतं" यावरच येऊन थांबते. त्यांच्या बाबतीत मला कडक नियमच बरे वाटतात, कुणाला राग आला तर येऊ दे.

असो. त्या आर्किटेक्टला मी काल तीन प्रश्न पाठवले: पश्चिमेच्या काचेचा खालचा ७५ सेंटीमीटरचा पट्टा बंद करता येईल का, त्याच बाजूला उभे फिन चालतील का, आणि जिने-लिफ्ट-टॉयलेटचा गाभा मधून उचलून पश्चिमेला नेता येईल का. आज दुपारी उत्तर आलं. गाभा अजिबात हलणार नाही, स्ट्रक्चरवाले मारतील म्हणे. फिनचं क्लायंटला विचारतो. खालचा पट्टा बंद करायला हरकत नाही, उलट तिथे स्टोरेज बसेल म्हणून क्लायंट खूश आहे. सोमवारी मीटिंग आहे, चिलर किती उतरतो ते बसून काढतोय.