तिकडचं 'थांबा' आणि इकडचं 'थांबा'

घरच्यांचं मत ठाम आहे: मुलगे उशिराच बोलतात. माझे मोठे मामा म्हणे चार वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते. त्याला जोडून दुसरं, तिकडे परदेशात माणसं कुठे आहेत, इकडे घेऊन या, चार पोरांत मिसळला की बोलेल. आमचा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, काही हवं असलं की आमचा हात धरून तिथवर ओढत नेतो. त्याला ऑटिझम आहे.

हे निदान झालं पुण्यात, सुट्टीवर गेलो तेव्हा, फी भरून. इंग्लंडात त्याचं नाव अजून यादीतच आहे. इथे दोन-अडीच वर्षांच्या तपासणीत हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांची वाढ बघणारी सरकारी नर्स, प्रश्नावली भरून घेते, शंका आली तर पुढे पाठवते. इथवर सगळं शिस्तीत. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या इथल्या 'नाइस' या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिथून तीन महिन्यांत मूल्यमापन सुरू व्हायला हवं. बहुतेक मुलांना त्याहून कितीतरी जास्त थांबावं लागतं. तिकडे मायेने 'थांबा', इकडे नम्र पत्राने 'थांबा'. पोराचे महिने दोन्हीकडे सारखेच वाया जातात.

तरी इथली एक गोष्ट मला मोलाची वाटते. निदानाचा कागद हातात नसला तरी नर्सरीला मदत सुरू करावी लागते. आमच्या नर्सरीत मॅकॅटॉन शिकवतात, म्हणजे बोलता बोलता हाताच्या खुणा. 'अजून' ही खूण तो आता करतो, बिस्किटासाठी तर दोन्ही हातांनी जोरजोरात. आजी धास्तावली, खुणांची सवय लागली तर बोलायचाच नाही म्हणून. पण खुणांमुळे बोलणं अडत नाही, असंच संशोधन सांगतं. दोन भाषांचंही तेच. 'घरात इंग्रजीच बोला, पोर गोंधळतं' हा सल्ला मला दोन्ही देशांत मिळाला, आणि दोन्हीकडे तितकाच निराधार. आजीशी तो इंग्रजीत काय करणार?

भारतात काहीच नाही, असंही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते, पुढच्या निदान-उपचारांसाठी जिल्ह्यांत केंद्रं काढली आहेत. पण दर आठवड्याच्या स्पीच थेरपीचे पैसे बहुतेक आईबाप खिशातूनच भरतात. पुण्यात आम्हाला तज्ज्ञ लगेच भेटल्या त्या पौंडांच्या जोरावर; गडचिरोलीतल्या आईने काय करायचं?

परत यायचं की नाही, ते आम्ही ठरवू. सध्या मला काळजी डोंबिवलीच्या चुलतबहिणीची आहे. तिची मुलगी दोन वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही, आणि तिलाही मामांचाच दाखला दिला जातोय. तिला मी सांगितलंय, निदानाची वाट बघू नकोस. आधी कान तपासून घे, वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, आणि त्याच फेरीत स्पीच थेरपिस्टलाही दाखव. मामांना मी बघते.