‘स्पेसिफिकेशन वर्डमध्येच लिहावं’ हे का पटत नाही

वाळूज-शेंद्र्याच्या इंजिनिअर मंडळींत एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय: मार्कडाउन (साध्या टेक्स्टमध्येच खुणा टाकून मथळे, याद्या लिहायची पद्धत) रीडमीपुरतं, म्हणजे प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलपुरतं ठीक, गंभीर स्पेसिफिकेशन (वस्तू नेमकी कशी चालावी याचा लेखी तपशील) त्यात होत नाही, टेबलं जमत नाहीत, मराठी चालत नाही आणि गिऱ्हाईक शेवटी वर्ड नाहीतर पीडीएफच मागतं. हे वाचून नवी पोरं साध्या टेक्स्टमध्ये लिहायची चांगली वाट सोडतील याची मला काळजी वाटते.

‘गंभीर काम होत नाही’ हे साफ चूक. वेबपानं पोचवणारा एचटीटीपी-३ ज्यावर उभा आहे त्या क्विक प्रोटोकॉलचा आरएफसी ९००० (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, २०२१) गिटहबवर, म्हणजे फाइलींचे सगळे बदल नोंदवणाऱ्या ‘गिट’वर चालणाऱ्या साइटवर, मार्कडाउनमध्येच, अनेक कंपन्यांच्या लोकांनी मिळून लिहिला. मार्कडाउनचे नेमके नियम ठरवणाऱ्या कॉमनमार्कच्या स्पेसिफिकेशनमधली सहाशेंवर उदाहरणं तर थेट टेस्ट म्हणून चालवता येतात.

पण खरा प्रश्न बदलांचा आहे. समजा, शेतातल्या मोटरच्या ऑटो स्टार्टरचं काम चाललंय. फर्मवेअरवाला वाळूजला, ॲपवाली लातूरला, बसवणारा जालन्याला. ‘एक फेज गेला की मोटर ५ सेकंदांत बंद’ या ओळीत कुणीतरी ५ चे २ केले. फाइल गिटहबवर असेल तर पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीसाठी मांडतात ते पान) जुनी ओळ लाल, नवी हिरवी, कुणी केलं तेही समोर. जालनेकर त्याच ओळीखाली विचारतो: "लाइट फडफडली की दर वेळी ट्रिप होईल, चालेल का?" उत्तरही तिथेच राहतं. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस आहे, कबूल. पण एकदा सगळे बदल ॲक्सेप्ट केले की त्या फाइलमधला माग पुसला जातो, आणि तिघांनी आपापल्या कॉपीत हात घातला की ‘फायनल_नवीन_२’ सुरू. सवय एकच लावून घ्या: एका ओळीत एक वाक्य. नाहीतर एका आकड्यापायी अख्खा परिच्छेद लाल दिसतो.

टेबलांची तक्रार निम्मी खरी. सेल मर्ज करायचे असतील तर मार्कडाउन तोकडं पडतं. तिथे ॲस्कीडॉक घ्या, तीही साध्या टेक्स्टचीच पद्धत. वल्कन या ग्राफिक्स प्रणालीचं अवाढव्य स्पेसिफिकेशन त्यातच लिहिलंय.

मराठीचं तर उलटंच आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली वर्ड फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर अगम्य होते. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये फॉन्ट साठवलाच जात नाही, त्यामुळे युनिकोडला पर्याय नाही. म्हणूनच शब्द शोधता येतो, डिफ (जुन्या-नव्यातला फरक) वाचता येतो. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर गिट आकड्यांची माळ दाखवतो, पण त्याच्या सेटिंगमधलं ‘कोअर.कोटपाथ’ फॉल्स केलं की नाव नीट दिसतं.

गिऱ्हाइकाला वर्ड हवं? पॅनडॉक हे फाइलचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर एका कमांडमध्ये काढून देतं. पीडीएफ काढताना मात्र त्यात झीलाटेक हे पीडीएफ बनवणारं इंजिन निवडा आणि देवनागरी फॉन्टचं नाव द्या, नाहीतर मराठी मजकुरावर एरर येतो किंवा अक्षरं गायब होतात.