स्नायू सैल करणारी गोळी ‘निर्धोक’ नाही : फिरत्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

ऊसतोड सुरू झाली की सांगलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, आणि हळदीच्या सौद्यांपर्यंत तो काही थांबत नाही. मजकूर थोडक्यात असा : कंबर, मान, खांदा, काहीही आखडलं तरी डॉक्टरकडे पैसे घालवू नका. मेडिकलमधून स्नायू सैल करणारी कॉम्बिनेशन गोळी आणा. ती पेनकिलर नाही, त्यामुळे किडनीला धोका नाही. जेवून घेतली आणि जोडीला गॅसची गोळी घेतली की पोटालाही काही होत नाही. एकीनं भागलं नाही तर दोन घ्या. रोज कामावर जाण्याआधीच घेतली तर दिवसभर अंग दुखत नाही. शेवटी हात जोडलेले आणि ‘गरिबापर्यंत पोचवा’.

लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेलही. पण हा मेसेज वाचलेली माणसं काउंटरवर माझ्यासमोर उभी राहतात, म्हणून एकेक दावा घेतो.

‘ती पेनकिलर नाही.’ पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सर्रास खपणाऱ्या एका प्रकारात ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि क्लोरझोक्साझोन २५० मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत तीन औषधं, त्यातली पहिली दोन वेदनेचीच, स्नायू सैल करणारं फक्त तिसरं. काही पाकिटांत क्लोरझोक्साझोनच्या जागी थायोकोल्चिकोसाइड किंवा टिझानिडीन असतं, ॲसिक्लोफिनॅकच्या जागी डायक्लोफिनॅक असतं. गिऱ्हाईक मात्र ‘ती पांढरी कंबरेची’ एवढंच सांगतं. चार गोळ्या कात्रीनं कापून घेतल्या की नाव एका तुकड्यावर राहतं आणि एक्सपायरी दुसऱ्यावर. घरी गेल्यावर आपण काय खातोय हे कळायला मार्गच नाही. नाव दिसेल असाच तुकडा मागा, निदान फोनवर पाकिटाचा फोटो काढून ठेवा. आणि पाकिटावरची ती लाल उभी रेघ शोभेची नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नाही, असा तिचा अर्थ आहे.

‘किडनीला धोका नाही.’ सगळ्या मेसेजमध्ये घातक वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

किडनीत रक्त नीट पोचावं म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. अंगात पाणी कमी पडलं की किडनीची भिस्त त्यांच्यावर जास्त असते. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं नेमकी तीच द्रव्यं बनू देत नाहीत. सूज आणि कळ त्यामुळेच उतरते, आणि किडनीचा रक्तपुरवठाही त्यामुळेच घटतो. आता हा मेसेज कोण पाळतं ते बघा. फडात दिवसभर वाकून ऊस तोडणारी जोडपी, मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर वाहणारे हमाल, मार्च-एप्रिलच्या उन्हात द्राक्षबागेत राबणारे मजूर. घाम भरपूर, पाणी कमी, वर रोज गोळी. किडनी बिघडायला लागली तरी सुरुवातीला काही दुखत नाही, म्हणून ‘मला तर कधी काही झालं नाही’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

त्यात बीपीची गोळी असेल तर मामला आणखी अवघड. काउंटरवरचं संभाषण साधारण असं होतं :

“दादा, ती कंबरेची द्या वो. उसण भरलीया.”

“बीपीची गोळी चालू आहे का, काका?”

“हाय की. तिचा आन् कंबरेचा काय संबंध?”

संबंध आहे. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, तिच्या जोडीला लघवी वाढवणारं औषध आणि वर ही दुखण्याची गोळी, अशी तीन एकत्र आली की किडनी अचानक बसू शकते. बीपीच्या एकाच गोळीत पहिली दोन एकत्र असणं आपल्याकडे नवं नाही, त्यामुळे काकांच्या लेखी ती एकच गोळी असते. शिवाय दुखण्याच्या गोळीनं बीपी वाढतं ते वेगळंच. उलट्या-जुलाब सुरू असताना तर ही गोळी तोंडातसुद्धा घालू नये.

जाता जाता : २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद करावं लागलं. हे औषध दिलेल्या जनावरांचं मढं खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरत होती, आणि त्यांची संख्या पार ढासळली होती. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, माणसाचं शरीर हे औषध बरंच बरं पचवतं. पण ‘किडनीशी संबंधच नाही’ म्हणणाऱ्याला एवढं माहीत असावं.

‘जेवून घेतली की पोटाला काही नाही.’ अर्धं खरं. जेवणानंतर घेतल्यानं मळमळ, जळजळ कमी होते. अल्सर मात्र गोळी पोटात टोचल्यामुळे होत नाही. ती रक्तात जाऊन पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, म्हणून इंजेक्शन घेऊनही अल्सर होऊ शकतो. पँटोप्राझोलसारखी गॅसची गोळी पोटाला बराच आधार देते, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. पण किडनीला आणि हृदयाला तिचा काडीचा उपयोग नाही. डायक्लोफिनॅकनं हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं हृदयरोग असलेल्यांना ते देऊ नये असं सांगितलं. शौच डांबरासारखी काळी झाली तर गोळी तिथेच बंद करून दवाखाना गाठायचा.

‘एकीनं भागलं नाही तर दोन.’ ॲसिक्लोफिनॅकची दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ एकेक. दोन-दोन घेतल्या की ४०० झाले. यात गंमत अशी की एका मर्यादेपुढे या औषधांचा गुण वाढत नाही, फक्त अपाय वाढतो. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल, डोकेदुखीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल आणि या गोळीतलं, सगळं एकाच लिव्हरवर जाऊन पडतं. क्लोरझोक्साझोननं क्वचितच, पण लिव्हरला गंभीर इजा होते. डोळे पिवळे दिसले, भूक मेली, लघवी गडद झाली तर ‘कावीळ उतरवायला’ जाण्याआधी रक्त तपासा आणि कुठल्या गोळ्या खाल्ल्या ते डॉक्टरला सांगा.

‘कामावर जाण्याआधी घ्या.’ स्नायू सैल करणारं औषध कंबरेत जाऊन गाठ सोडवत नाही. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतं, म्हणून झापड येते. हंगामात रात्री आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावत असतात, मागे दिवा असला तर नशीब. चार रात्री जागलेल्या त्या ड्रायव्हरनं ही गोळी खाऊन कारखान्याचा रस्ता धरला तर कंबर दुखायची थांबेल, पण डोळेही मिटतील. कोयता, कडबाकुट्टी, फवारणीचा ट्रॅक्टर यांनाही हेच लागू. वर दारू म्हणजे आगीत तेल. टिझानिडीननं तर बीपीही खाली जातं, आणि जुलाब-लघवीच्या त्रासाला दिली जाणारी सिप्रोफ्लोक्सासिन सोबत असेल तर टिझानिडीन अंगात इतकं साचतं की दोन्ही एकत्र द्यायचीच नाहीत.

गरोदर बाई, दिवस राहण्याची शक्यता असलेली बाई, बाळाला पाजणारी आई यांच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. थायोकोल्चिकोसाइडबाबत युरोपच्या नियामकाचं म्हणणं स्पष्ट आहे : या बायकांना आणि १६ वर्षांखालच्यांना नको, आणि इतरांनाही तोंडावाटे सलग सात दिवसांपलीकडे नको. मेसेज मात्र ‘रोज घ्या’ म्हणतो.

राहिलं ‘डॉक्टरकडे जाऊ नका’. यातली एक गोष्ट मला मान्य आहे. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि पहिल्याच दिवशी एमआरआय लागत नाही. पण त्याच न्यायानं गोळीचंही बघू. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तीव्र कंबरदुखीच्या ३२३ रुग्णांवर अभ्यास झाला. नुसतं नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक घेणारे आणि त्यासोबत सायक्लोबेन्झाप्रिन हे स्नायू सैल करणारं औषध घेणारे, आठवड्यानंतर दोघांच्या सुधारणेत फरक दिसला नाही. औषधं आपल्या पाकिटातलीच नव्हती हे खरं, पण ‘रामबाण’ म्हणणाऱ्यानं जरा दमानं घ्यावं. शेक, जमेल तेवढी हालचाल, अंथरुणाला खिळून न राहणं आणि डॉक्टरनं सांगितलेले तीन-चार दिवस कमीत कमी डोस, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

मिरज-सांगलीत दवाखान्यांची वाण नाही, तेव्हा काही दुखणी गोळीनं दाबू नका. पाय लुळा पडतोय, मांड्यांमधला भाग बधिर झालाय, लघवी तुंबलीय किंवा कळत नाहीये, तर त्याच दिवशी जा. तापासोबत अंग ठणकत असेल तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक काहीच नको, रक्तस्राव वाढू शकतो. तापाला नुसतं पॅरासिटामॉल, तेही मापात. आणि डावा खांदा किंवा पाठ भरून आलीय, सोबत घाम फुटलाय, छातीत दडपण आहे, दम लागतोय, तर ते पोतं उचलल्यामुळे असेलच असं नाही. अशा वेळी गोळी घेऊन पडून राहू नका, १०८ ला फोन करा.