पाप केलं आणि पापात राहिला: तारणाच्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर

"ख्रिस्ती माणूस पाप करतच राहिला तर त्याचं तारण, म्हणजे ख्रिस्तामुळे पापाच्या शिक्षेतून मिळालेली सुटका, जातं का?" बायबल अभ्यासात, तरुणसंघाच्या सभेत, कुणाच्या अंत्यविधीहून परतताना, हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरंही दोन ठरलेली. एक म्हणतं, "एकदा तारण म्हणजे कायमचं तारण, काळजी कसली?" दुसरं म्हणतं, "पापात झोपलास आणि सकाळी उठलाच नाहीस तर सरळ नरक." माझ्या मते या दोन्ही उत्तरांनी माणसांचं नुकसान झालं आहे. समोर बसलेला माणूस पापाशी झगडतोय की पापाशी समझोता करून बसलाय, हे न विचारताच ती दिली जातात. पवित्र शास्त्र या दोघांशी एकाच सुरात बोलत नाही.

नव्या करारातलं योहानाचं पहिलं पत्र घ्या. १:८ (पहिला अध्याय, आठवं वचन) म्हणतं, आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो. ३:९ म्हणतं, देवापासून जन्मलेला पाप करत नाही. एकच लेखक, अवघ्या पाच अध्यायांचं पत्र. मराठी माणसाला ही गाठ सोडवणं तसं सोपं आहे, कारण "पाप केलं" आणि "पाप करत राहिला" यातला फरक आपल्या कानाला लगेच कळतो. २:१ मधलं ग्रीक क्रियापद घडून गेलेल्या एखाद्या कृतीकडे बोट दाखवतं: कोणी पाप केलं तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. ३:९ मधलं क्रियापद चालू राहणाऱ्या गोष्टीबद्दल आहे.

पण नुसत्या व्याकरणावर शिकवण उभी करू नका. अनेक प्रवचनांत हीच चूक होते. ५:१६ मध्ये एखादा "आपल्या भावाला" पाप करताना पाहतो, तिथेही क्रियापद चालू काळाचंच आहे आणि तरी तो भाऊच आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करायची आहे. म्हणजे योहानाचा रोख काळापेक्षा माणसाच्या दिशेवर आहे. तो कोणाचं मूल आहे, प्रकाशात यायला तयार आहे की अंधारात लपतोय, भावावर प्रीती करतो की द्वेष, या खुणा तो पुन्हा पुन्हा तपासतो.

रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? आणि स्वतःच ठाम नकार देतो. कारण नुसतं "देव रागावेल" हे नाही. जो बाप्तिस्म्यात ख्रिस्ताबरोबर मेला आणि पुरला गेला, तो त्या जुन्या घरात राहणार कसा, असा त्याचा मुद्दा आहे. मग ७व्या अध्यायात "जे करू नये तेच करतो" ही तळमळ येते. तो अध्याय विश्वासणाऱ्याबद्दल आहे की विश्वासापूर्वीच्या माणसाबद्दल, यावर शतकानुशतकं वाद आहे. पण त्या माणसाला आपलं पाप आवडत नाही, हे तर स्वच्छ दिसतं. ८:१३ इशारा देतं की देहस्वभावाप्रमाणे जगलात तर मराल, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी देवाच्या प्रीतीपासून काहीच वेगळं करू शकणार नाही असं येतं. शेवटची दोन वचनं भिंतीवर टांगून १३वं गाळणं हा शास्त्राचा अपमान आहे. १३वं धमकीसारखं वापरून शेवटची दोन लपवणं हाही तितकाच.

सर्वांत जास्त माणसं घाबरतात ती इब्री लोकांस पत्राच्या ६:४-६ आणि १०:२६ ला. "सत्याचं ज्ञान झाल्यावर आपण जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पापांसाठी यज्ञ उरत नाही." दारूच्या एका घोटावर किंवा मोबाइलवर पाहिलेल्या घाणेरड्या व्हिडिओवर हे वचन लावलं जातं. त्या पत्राचा रोख वेगळा आहे. छळाला कंटाळून ख्रिस्ताचं नाव सोडावं या विचारापर्यंत आलेल्या लोकांना ते लिहिलं आहे. "यज्ञ उरत नाही" म्हणजे ख्रिस्ताचा यज्ञ नाकारलात तर दुसरा कुठलाच यज्ञ शिल्लक नाही. तीनच वचनांनी, १०:२९ मध्ये, ते पाप नेमकं सांगितलं आहे: देवाच्या पुत्राला पायदळी तुडवणं, कराराचं रक्त अपवित्र मानणं, कृपेच्या आत्म्याचा अपमान करणं. यामागे जुन्या करारातल्या गणना पुस्तकाचं १५:३० उभं आहे, जिथे देवाविरुद्ध हात उगारून केलेलं पाप चुकून झालेल्या पापापासून वेगळं काढलं आहे. ज्याला "मी परत येऊ शकेन का" ही भीती झोपू देत नाही, तो हात उगारलेला माणूस नव्हे. मत्तय १२ मधल्या क्षमा न होणाऱ्या पापाचंही तसंच. येशूचं काम डोळ्यांनी पाहून ते बालजबूलाचं, म्हणजे भुतांच्या अधिपतीचं, म्हणणाऱ्यांना ते शब्द होते.

हा प्रश्न आज उपटलेला नाही. २४९ ते २५१ च्या दरम्यान रोमन सम्राट डेसियसच्या काळात छळाला भिऊन अनेकांनी मूर्तीपुढे धूप जाळला. नंतर ते रडत परत आले. रोममध्ये नोवेशियन नावाच्या पाळकाने त्यांना मंडळीत परत घ्यायला नकार दिला, कार्थेजचा बिशप सिप्रियनने पश्चात्तापाची मुदत पाळायला लावून दार उघडलं. पुढे बाप्तिस्म्यानंतरच्या पापाच्या धास्तीने कित्येक जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये मृत्यूच्या तोंडावर घेतला. भीतीची शिकवण माणसाला पवित्र करत नाही, फक्त तारखा पुढे ढकलायला लावते.

पंथांची उत्तरं वेगळी आहेत, आणि ती नीट माहीत असावीत. कॅथलिक शिकवणीत आत्म्याला मारक ठरणाऱ्या पापासाठी तीन अटी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, पूर्ण जाणीव असणं आणि स्वेच्छेने संमती देणं. अशा पापाने कृपेची स्थिती जाते आणि प्रायश्चित्त संस्काराने, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात, ती परत मिळते. लूथरवाद्यांचा १५३० चा आउग्सबुर्ग विश्वासकबुलीजबाब दोन्ही टोकं नाकारतो. एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्म्याला गमावूच शकत नाही, हे त्याला मान्य नाही. पडलेल्याला क्षमाच नाही, हेही मान्य नाही. सुधारक कॅल्विनच्या अनुयायांनी, कॅल्विनपंथीयांनी, १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डोर्टच्या सभेत ठरवलं की देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो. पण त्या सभेच्या निर्णयांतच स्पष्ट म्हटलं आहे की खरे विश्वासणारेही राजा दावीद आणि येशूचा शिष्य पेत्र यांच्यासारखे भयंकर पापात पडू शकतात, देवाचा रोष ओढवून घेतात आणि काही काळ त्याच्या कृपेची जाणीव हरवून बसतात. आपल्याकडे "कायमचं तारण" सांगणारे पुष्कळ जण हा भाग वाचतच नाहीत. कॅल्विनच्या शिकवणीला विरोध करणाऱ्या आर्मिनियसचे अनुयायी आणि जॉन वेस्लीचे मेथडिस्ट म्हणतात की विश्वास सोडता येतो, आणि तारणही हातचं जातं.

१९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एका छपराखाली आले. म्हणजे कॅल्विन आणि वेस्ली, दोघांचे वारस आज एकाच प्रभुभोजनाच्या मेजाशी गुडघे टेकतात. ते जमतं, कारण पापात स्थिरावलेल्या माणसाला आज काय सांगायचं यावर दोघांचं एकमत आहे. एक म्हणेल, "तू असाच राहिलास तर तुझा नवा जन्म झालाच नव्हता." दुसरा म्हणेल, "तू असाच राहिलास तर मिळालेलं गमावशील." निरोप एकच: मागे फीर, आजच.

करिंथची मंडळी पाहा. सावत्र आईला ठेवून बसलेल्या माणसाबद्दल १ करिंथ ५ मध्ये पौल त्याचं तारण गेलं की राहिलं याचा निवाडा देत नाही. त्याला मंडळीबाहेर काढा म्हणतो, आणि हेतू सांगतो: प्रभूच्या दिवशी त्याचा आत्मा तारला जावा. २ करिंथ २ मध्ये शिक्षा भोगलेल्या एकाला आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं तो लिहितो. तो हाच माणूस की दुसरा, यावर मतभेद आहेत, पण पद्धत दिसते. शिस्त लावायची ती परत आणण्यासाठी.

आणि १ करिंथ ६:९-१० ची यादी वाचताना तिच्या आधीची आठ वचनं वाचा. तिथे विषय आहे भावाने भावाला कोर्टात खेचण्याचा आणि लुबाडण्याचा. यादीत जारकर्मी आणि मद्यपी आहेत तसे लोभी, चहाडखोर आणि लुबाडणारेही आहेत. आपल्या मंडळ्यांत दारू पिणाऱ्याचं तारण लगेच शंकेत येतं. बहिणीचा हिस्सा दाबून बसलेला मात्र पहिल्या बाकावर बसून दशमांश देतो. पापात राहणं म्हणजे काय हे मोजायचं असेल तर तिथूनही मोजा.

आता झगडणाऱ्या माणसाबरोबर काम कसं करायचं ते. "प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर" ही मोघम प्रार्थना सर्वांत निरुपयोगी. पापाला नाव द्या: खोटं बिल, अमुक रक्कम, अमुक माणूस. पैशांचं असेल तर भरपाई हवी. गणना ५:७ मध्ये पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे, म्हणजे १०,००० घेतले असतील तर १२,०००. ज्याचं नुकसान केलं तो हयात नसेल तर ५:८ प्रमाणे जवळच्या नातलगाला. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने तर चौपट कबूल केलं. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण ते कागदावर लिहा.

मग एका माणसाला सांगा, याकोब ५:१६ प्रमाणे. एकालाच. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी. प्रश्नही नेमके हवेत: या आठवड्यात कधी पडलास, किती वाजता, आधी काय घडलं होतं? "आत्मिक जीवन कसं चाललंय?" याचं उत्तर नेहमी "प्रभूची कृपा" असतं. मोबाइल रात्री खोलीबाहेर ठेवणं, संबंध असलेल्या व्यक्तीचा नंबर काढून टाकणं, पगाराच्या दिवशी त्या रस्त्याने न जाणं, हे मत्तय ५:२९-३० मधलं उपटून टाकणं. इथे बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी. कबुली माइकवर घेतली जाते आणि तिच्यात दुसऱ्यांची नावं येतात. किंवा ऐकणारा ती "प्रार्थनेचा विषय" म्हणून चार घरांत पोहोचवतो, आणि तो माणूस पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

दारूबद्दल एक गोष्ट जीवाशी निगडित आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भास, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्याला उपवासप्रार्थनेसाठी खोलीत कोंडू नका, आधी डॉक्टरकडे न्या. आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा प्यायला, तर तेवढ्यावरून "याचं तारण खोटं होतं" असं म्हणू नका. तो दुसऱ्या दिवशी कोणाकडे गेला ते पाहा. येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा दोघेही एकाच रात्री पडले, दोघांनाही पस्तावा झाला. एक परत येऊन बाकीच्या शिष्यांत बसला, दुसरा एकटा निघून गेला.

पडलेले लोक प्रभुभोजनाच्या रविवारी घरी राहतात, ही आपल्याकडची फार जुनी सवय. १ करिंथ ११:२८ पुन्हा वाचा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं व प्याल्यातून प्यावं, असं तिथे लिहिलं आहे. परीक्षा करून घरी बसावं, असं लिहिलेलं नाही.