वॉटसन यांना ‘व्हल्कन’ सापडला नव्हता

‘अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जेम्स क्रेग वॉटसन यांनी बुधाच्या आतला व्हल्कन ग्रह शोधला’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे.

२९ जुलै १८७८ च्या खग्रास ग्रहणात वायोमिंगमधून त्यांनी ४ इंची दुर्बिणीने सूर्याजवळ दोन लालसर ठिपके पाहिले. खग्रास स्थिती तीन मिनिटांहूनही कमी. दुर्बिणीची दिशा दाखवणारी अंशचक्रे वाचायला वेळ नसल्याने त्यांवर कागदी चकत्या लावून पेन्सिलीने खुणा केल्या. युक्ती चांगली, पण नेमकेपणा त्यातच गेला. खगोलशास्त्रज्ञ पीटर्स यांच्या मते ते ठिपके कर्क राशीतले थीटा आणि झीटा हे तारेच होते. पुढच्या ग्रहणांतही ग्रह दिसला नाही. ज्याच्या स्पष्टीकरणासाठी व्हल्कनची कल्पना पुढे आली, तो बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक १९१५ मध्ये आइन्स्टाईन यांनी ग्रहाविनाच उलगडला.

१८७४ च्या पेकिंग मोहिमेत वॉटसन यांनी शोधलेला जुएवा लघुग्रह मात्र खरा.