उंदीर, पूल आणि आमच्या सोसायटीतली बाकडी

मंत्रालयातले उंदीर आठवतायत का कुणाला? मार्च २०१८. एकनाथ खडसे विधानसभेत उभे राहिले, तेही स्वतःच्याच पक्षाचं सरकार असताना, आणि कागदावरचा हिशोब वाचून दाखवला की मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारले. मग काय, आठवडाभर अख्ख्या महाराष्ट्राला दुसरा उद्योग नव्हता. मिनिटाला तीसेक उंदीर पडतात, मारले कोणी, टाकले कुठे, न्यायला टेम्पो किती लागले... मी पण दोन-चार मीम फॉरवर्ड केले होते, खोटं कशाला बोलू. नंतर खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नाही, विषाच्या गोळ्यांचा आहे, गोळीमागे दीड रुपया. म्हणजे सगळा मामला पावणेपाच लाखांचा. पण खुलासा वाचतंय कोण.

आता दुसरा कागद. राज्याचा २०११-१२ चा आर्थिक पाहणी अहवाल. दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र वाढलं ०.१ टक्का आणि तेवढ्या वर्षांतला खर्च ७० हजार कोटींच्या घरात. पुढे श्वेतपत्रिका निघाली, ०.१ नाही हो, ५.१७ आहे असं त्यात म्हटलं, ठीक आहे, ५.१७ धरा. गाजलं, राजीनामा झाला, चौकश्या लागल्या, सगळं झालं. पण कट्ट्यावर कोणी त्यावर असं तावातावाने बोलल्याचं मला तरी आठवत नाही, बोलले ते पक्षवाले. मी एकदा रिकामा होतो तेव्हा भागाकार केला होता. २०११ च्या जनगणनेत आपण सव्वाअकरा कोटी, म्हणजे सिंचनाचे माणशी सहा हजारांच्या वर गेले, तान्ह्या पोरासकट. उंदरांचा माणशी अर्धा पैसाही येत नाही. आणि आपण आठवडाभर चघळला तो अर्धा पैसा!

तेव्हा माझं मत असं झालं की हा सगळा शून्यांचा खेळ आहे. पावणेपाच लाख कळतात, तेवढ्यात सेकंडहँड गाडी येते. ७० हजार कोटी लिहायचे म्हटले तर आधी बोटं मोजायला लागतात. जे डोक्यात मावतं त्याचाच राग येतो माणसाला.

पण मग लाडकी बहीण आली आणि माझ्या या थिअरीचं पार वाटोळं झालं. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता सुरुवातीला, डोक्यात मावण्यासारखा आकडा नाहीच, तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज आग. "आमच्या टॅक्सचे पैसे", "फुकट्यांची सवय", "आता कामाला बायका मिळणार नाहीत" (हे शेवटचं खरं दुखणं). बरं, प्रश्न विचारण्यासारखी योजना आहेच ती. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज डोळे झाकून मंजूर केले, मग मतमोजणी झाल्यावर पडताळणी सुचली, २६ लाखांवर लाभार्थ्यांवर अपात्रतेचा शिक्का मारायची वेळ आली, त्यात चक्क पुरुषही निघाले. विचाराच प्रश्न. पण ग्रुपवरचा राग त्या पडताळणीवर नव्हताच, तो होता आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या खात्यात दीड हजार पडले यावर. त्याच पैशांतून त्यांनी नातवाची फी भरली. ते सांगितलं तर एक काका म्हणाले, भावनिक होऊ नका.

हेच काका विद्यापीठ चौकातल्या पुलाबद्दल काय म्हणाले माहितीये? पुणेकरांना सांगायला नको, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. चौकात फ्लायओव्हर बांधला, पंधरा वर्षंही झाली नव्हती, तोवर २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडून टाकला, कारण हिंजवडी मेट्रोच्या आड येत होता आणि बांधताना मेट्रोचा विचारच केलेला नव्हता. पाडायचा खर्च वेगळा, परत दुमजली बांधायचा वेगळा. काका म्हणाले, "चला, ट्रॅफिक सुटेल आता." बास. टॅक्स आठवला नाही. त्या पुलावर पैसे कोणी खाल्ले असं मी म्हणत नाहीये, माझ्याकडे काही पुरावा नाही. पण धडधाकट पूल पाडायला लागणं म्हणजे आपलेच पैसे होते ना ते? की काँक्रीटमध्ये गेले की ते पैसे राहत नाहीत?

पक्षाचं तर काय बोलायचं. राणीच्या बागेत पेंग्विन आले तेव्हा ज्यांना एकेका पेंग्विनच्या जेवणाचा हिशोब तोंडपाठ होता, त्यांना अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं विचारा. डिसेंबर २०१६ ला जलपूजन झालं, ३६०० कोटींच्या गप्पा झाल्या, पुढे काय झालं? लगेच "महाराजांच्या नावावर राजकारण करू नका". आणि जे स्मारकावरून रोज बोंबलतात ते पेंग्विन म्हटलं की "लहान मुलांना आवडतात हो". दोन्ही बाजूंचे नमुने माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत, वाचत असतील तर नमस्कार.

आता माझंही सांगतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. आमच्या सोसायटीत आत, कंपाउंडच्या आत, सहा बाकडी आहेत. पाठीवर माननीयांचं नाव, खाली "यांच्या संकल्पनेतून". बाकडं ही संकल्पना! खासगी जागेत महापालिकेच्या पैशांतून असली कामं करायची नसतात हे मला माहीत होतं, मी तेव्हा कमिटीत होतो. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा मी एवढंच विचारलं की सिमेंटची देणार आहेत की लोखंडी, कारण लोखंडी उन्हात तापतात.

सिमेंटची आली. ही पोस्ट त्यातल्याच एकावर बसून लिहितोय, काका शेजारीच बसलेत, वाचून दाखवू का विचारतोय त्यांना.