दोष शिकाऊचा की शेजारी बसलेल्याचा?

एका शिकाऊ पायलटने चाकं बाहेर न काढताच विमान उतरवलं, यावर आमच्या गप्पा चालल्या होत्या.

"चाकं बाहेर न काढताच विमान धावपट्टीवर टेकवलं? चेकलिस्ट म्हटली नाही, दुसरं काय! चूक शिकाऊचीच." बाळ्याने निकाल देऊन टाकला.

"म्हटली असेल रे, पण नुसती तोंडाने," नाना म्हणाले. "'गिअर डाऊन', म्हणजे चाकं खाली, असं म्हणायचं आणि चाकं खाली आल्याचं सांगणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे बघायचंच नाही. त्यात पुढच्या विमानामुळे उतरण्याआधीची फेरी लांबली, की मध्येच तुटलेली चेकलिस्ट पुन्हा पहिल्यापासून कोण धरतो?"

अण्णांचं बोट यंत्राकडे. "टच-अँड-गो, म्हणजे टेकून न थांबता पुन्हा उडायचं. ते करताना धावत्या विमानात फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, वर घ्यायचे असतात. घाईत हात पडतो गिअरवर. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचे पायलट उतरल्यावर हेच करायचे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की दोन्ही खटके शेजारी आणि हाताला सारखेच लागतात. मग गिअरला चाकासारखी मूठ आली, फ्लॅपला पाचरीसारखी. न बघताही कळावं म्हणून."

मला मात्र शेजारच्या खुर्चीतल्या माणसाबद्दल बोलायचं होतं. एरवी दोन पायलट एकमेकांवर नजर ठेवतात. प्रशिक्षणात त्यातला एक शिकवण्यात गुंतलेला, म्हणजे चूक पकडणारा डोळाच कमी होतो. ८ मार्च १९९४, दिल्ली. सहारा इंडिया कंपनीचं बोइंग ७३७ विमान सरावाला निघालेलं, इंजिन बंद पडल्याचा सराव चालू. शिकाऊने उलट्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू वळवणारं पायाचं पॅडल, दाबला. विमान कोसळून उभ्या असलेल्या एरोफ्लोट या रशियन कंपनीच्या विमानावर गेलं, ९ माणसं गेली. प्रशिक्षकाने रडरवर पाय रोखून धरला नव्हता, हे चौकशीत नोंदलं गेलं. अशा सरावात पाय तिथे हवाच, यावर मी अडून राहिलो.

"आणि मुरलेले पायलट? ते चुकत नाहीत?" बाळ्या हटेना.

"चुकतात की. २०१४, अमेरिकेतलं बेडफर्ड," नाना म्हणाले. "गल्फस्ट्रीम जेटचा गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली कडी, काढलाच नाही. विमान धावपट्टी ओलांडून गेलं, सातही जण गेले. कंट्रोल हलवून बघितले असते तर लगेच कळलं असतं. तपासात निघालं, आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ती तपासणी पूर्ण झालीच नव्हती. ही सवय पहिल्या धड्यातच लागते किंवा मोडते, बाळ्या."

"मग करायचं काय?"

"उतरल्यावर पूर्ण थांबायचं," अण्णा म्हणाले. "धावपट्टीबाहेर यायचं, मग फ्लॅपला हात. तोवर नाही."

"तासाभरात लँडिंग किती कमी होतील!"

"होऊ देत," अण्णा म्हणाले, आणि बाळ्या पुन्हा तावातावाने पुढे सरसावला.